सल्लागार मागितला कोणी?

अमेरिकेतल्या आमच्या अ‍ॅशबर्न गावात सल्ला मागावा लागत नाही, तो घरपोच येतो. नव्यानं राहायला आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कुठली शाळा चांगली, कुठल्या बिल्डरचं घर घेऊ नये, ग्रीन कार्डाला कुठला वकील धरावा आणि विरजणाला कोणतं दूध आणावं, हे सगळं समजावून सांगणारे काका भेटतात. दोन काका भेटले तर दोन वेगळे वकील मिळतात. अशा गावात आमच्या शेजारच्या घरात एक काका असे होते की ते कुणालाही, कशाबद्दलही, कधी सल्ला देत नसत. आणि सल्लागार हाच त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय होता.

कारखानीस काका मूळचे सांगलीचे. व्हर्जिनियातल्या एका कॉलेजात त्यांनी आयुष्यभर आर्थिक इतिहास शिकवला होता. ब्रिटिशांनी आपल्या वसाहतींच्या सरकारांवर आर्थिक सल्लागार कसे नेमले, हा त्यांचा खास प्रांत. तोही हिंदुस्थानातला नव्हे. हिंदुस्थानावर सगळेच लिहितात, असं ते जरा तुच्छतेनं म्हणत. त्यांचा जीव होता तो आफ्रिकेतल्या आणि कॅरिबियनमधल्या लहान लहान वसाहतींवर, ज्या आपल्याला नकाशात बोट फिरवून शोधाव्या लागतात.

हा विषय मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या हातात बर्फ काढायचं फावडं होतं. आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. ड्राइव्हवे मोकळा करताना शेजारी टाय लावून बर्फ काढणारे एक गृहस्थ दिसले, म्हणून शिष्टाचार म्हणून मी विचारलं, "काका, तुम्ही काय करायचात?" त्यांनी फावडं बर्फात रोवलं, त्यावर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाले, "कल्पना कर. एक बेट आहे. ऊस पिकतो. एक गव्हर्नर आहे, त्याचा एक फायनान्शिअल सेक्रेटरी आहे, दोघांचं बरं चाललंय. एके दिवशी लंडनहून कळतं की तुमच्यासाठी एक अर्थतज्ज्ञ पाठवतोय. आता मला सांग, तो मागितला कोणी?"

"बेटावरच्या लोकांनी?" मी आशेनं म्हटलं.

"लोकांपैकी तो आलाय हे फक्त बोटीवरून त्याची ट्रंक उतरवणाऱ्यांना कळलं."

तो धडा संपेपर्यंत माझी बोटं बधिर झाली होती. पण तेवढ्यात मला त्यांचे ते प्रसिद्ध चार प्रश्न मिळाले. सल्लागार मागितला कोणी, नेमला कोणी, त्याला पगार कोण देतो आणि त्याचं ऐकतो कोण. काकांच्या मते बहुतेक वसाहतींत मागितला लंडननं, नेमला लंडननं, पगार दिला बेटानं आणि ऐकलं कोणीच नाही.

हे चार प्रश्न ते कशालाही लावत. आमच्या कॉलनीनं बागेसाठी एक कन्सल्टंट आणला, त्याला लावले. मी नोकरी करते त्या डेटा सेंटरमध्ये कूलिंगचा खर्च कमी करायला सल्लागारांची एक फौज आली, तिलाही लावले. "तुमच्या इंजिनिअरांनी बोलावली का ही मंडळी?" नाही म्हटल्यावर त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी कोटाच्या खिशातलं संत्रं काढून मला दिलं. रोज संध्याकाळी कॉलनीतल्या तळ्याभोवती फिरताना त्यांच्या खिशात दोन संत्री असत, एक स्वतःसाठी आणि एक जो भेटेल त्याच्यासाठी. अंगावर प्रोफेसरी कोट आणि पायात मुलीनं पाठवलेले पांढरेशुभ्र जॉगिंगचे बूट. ते कधी जॉगिंग करताना दिसले नाहीत.

कुसुमकाकू होत्या तोवर त्या घरात सल्ल्याचं खातं त्यांच्याकडे होतं. त्या लहान मुलांच्या डॉक्टर. गल्लीतल्या कुठल्याही पोराला शिंक आली तरी त्यांना ऐकू जायची. त्या सल्ला द्यायच्या आणि तो पाळला की नाही हे बघायला दुसऱ्या दिवशी यायच्याही. काका शेजारी बसून हसत. "हिला मागायला लागत नाही, नेमायला लागत नाही, पगार नाही आणि ऐकतात मात्र सगळे. माझ्या सगळ्या संशोधनाला ही एकटी पुरून उरलीय." काकू गेल्या आणि घर एकदम शांत झालं. काका पिठलं करायला शिकले. तेवढंच शिकले. भाकरी जमेना म्हणून ते पिठलं बेगल नावाच्या इथल्या गोल पावाबरोबर खात आणि येणाऱ्यालाही तेच वाढत. चवीबद्दल मी काही बोलणार नाही.

मला एकदा टेक्ससमधल्या अर्विंगहून नोकरीचं बोलावणं आलं होतं. हुद्दा मोठा, घरं स्वस्त, आणि नवऱ्याची बहीण तिथंच. मी काकांकडे गेले आणि सरळ विचारलं, "काका, जाऊ का?"

"तुझं ठरलंय?"

"जवळजवळ."

"मग मला कशाला नेमतेस? जमलं तर तुझी हुशारी आणि फसलं तर कारखानीसांनी सांगितलं होतं."

मी हट्टाला पेटले तेव्हा त्यांनी चहा टाकला आणि प्रश्न विचारायला लागले. तिथं दुपारचा डबा कुणाबरोबर खाशील? इथलं काय सुटलं तर सगळ्यात आधी आठवेल? नणंद जवळ आहे हे तू फायद्यात धरतेस की तोट्यात? चहा संपेपर्यंत मला कळलं होतं की मला जायचं नाहीये. त्यांनी नंतर मला कधीही विचारलं नाही की मी का गेले नाही. दुसऱ्या कुठल्या काकांनी हे श्रेय सोडलं असतं असं मला वाटत नाही.

सल्लागार न होण्याचा हा नियम त्यांनी एकदाच मोडला, आणि तो आमच्या मराठी मंडळामुळे. मंडळाचा अध्यक्ष समीर पुण्याचा, बोलण्यात गोड आणि कामात धडाक्याचा. त्यानं ठरवलं की गणेशोत्सवाला एक सल्लागार समिती हवी. तो काकांकडे आला तेव्हा मी तिथंच होते.

"काका, तुम्ही आमचे अ‍ॅडव्हायझर."

"कशाबद्दल सल्ला देऊ?"

"तसं काही नाही काका, सगळं फायनल झालंय. फ्लायरवर फक्त तुमचं नाव हवंय."

मला वाटलं, आता याचं काही खरं नाही. पण काकांनी उठून समीरचा हात हातात घेतला. "हे इतकं स्वच्छपणे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. "साहेब लोक हेच म्हणायला तीन-तीन पानं लिहायचे. मी येतो." आणि ते खरंच झाले सल्लागार. एवढंच नाही, तर प्रत्येक मीटिंगला येऊन बसायला लागले. नावापुरता नेमलेला माणूस प्रत्यक्ष येतो, हे मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच घडत होतं.

त्या वर्षी समीरनं न्यू जर्सीहून उकडीचे मोदक मागवायचे ठरवले होते. अख्ख्या मंडळाला पुरतील एवढे. केटरर ते गोठवून पाठवणार होता. सगळे खूश. काकांनी फक्त एकदा हात वर करून विचारलं, "हे वाफवणार कुठं?" समीर म्हणाला, "होऊन जाईल काका." पुढच्या मीटिंगला काकांनी तेच विचारलं आणि समीरनं तेच सांगितलं.

उत्सव भाड्यानं घेतलेल्या शाळेच्या हॉलमध्ये होता आणि शाळेत चूल, गॅस, शेगडी, काहीही पेटवायला बंदी होती. मोदक आले ते दगडासारखे. शाळेत एकच मायक्रोवेव्ह होता, शिक्षकांच्या खोलीत. मग जी रांग लागली ती आरतीच्या रांगेपेक्षा मोठी होती. मायक्रोवेव्हमधून निघालेला मोदक बाहेरून चिवट व्हायचा आणि आत सारण इतकं तापायचं की दोघा-तिघांच्या जिभा पोळल्या. समीर काकांपासून तोंड लपवत हिंडत होता. काका शांतपणे रांगेत उभे होते. त्यांचा नंबर आला तेव्हा त्यांनी मोदक खाल्ला, रुमालानं हात पुसले आणि समीरला म्हणाले, "नारळ ताजा आहे." बाकी एक अक्षर नाही. समीर त्यांचा जन्माचा भक्त झाला तो त्या दिवसापासून.

त्यांच्या त्या सगळ्या साहेबांमध्ये एक त्यांचा लाडका होता. नाव ते सांगत नसत, "आमचा गडी" म्हणत. त्या गड्याला एका बेटावर नेमलं, पण बेटाच्या सरकारला तो नकोच होता. म्हणून त्याला एक खोली दिली आणि खुर्चीच दिली नाही. दुसरा कुणी असता तर तक्रारीचं पत्र धाडून मोकळा झाला असता. हा रोज सकाळी बाहेर पडायचा आणि बाजारात, गोदीत, उसाच्या शेतात जाऊन लोकांना विचारत बसायचा. बऱ्याच काळानं त्यानं लिहून दिलं की या लोकांना काय हवंय ते त्यांना माहीत आहे, तेव्हा त्यांनाच विचारा आणि माझी जागा रद्द करा. काका म्हणत, "त्याचं एवढंच ऐकलं. जागा रद्द केली." हे सांगताना त्यांचे डोळे पाणावत. मी त्यांना चिडवायची, की काका, कुसुमकाकूंनंतर तुमचं प्रेम फक्त या गड्यावर. ते म्हणत, "काकूंच्या आधीपासूनचं आहे ते. तिला माहीत होतं."

मग एका सकाळी काका गाडी बाहेर काढताना ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर पाय पडून कॉलनीच्या टपालपेट्यांवर जाऊन आदळले. सगळ्यांचं टपाल रस्ताभर झालं. काकांना फक्त खरचटलं होतं. ते गाडीतून उतरून शेजाऱ्यांची बिलं गोळा करत होते आणि ज्याची त्याला देत होते.

त्यांची मुलगी मृणाल कॅलिफोर्नियात, सांता क्लाराला असते. मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. ती दुसऱ्या दिवशी विमानानं आली आणि आल्या आल्या तिनं एक केअर मॅनेजर नेमली. हा इथला एक व्यवसायच आहे. म्हाताऱ्या माणसानं घरी राहावं की एखाद्या सीनियर लिव्हिंगमध्ये, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमात जावं, याचा अभ्यास करून मुलांना सांगणाऱ्या बायका असतात. ही कॅरल नावाची, पूर्वीची नर्स, मोठ्यानं हसणारी. काकांनी दार उघडलं आणि उभ्या उभ्याच चारही प्रश्न विचारले. कॅरलनं तीन प्रश्नांना उत्तर दिलं, "तुमची मुलगी." चौथ्याला म्हणाली, "ऐकायचं कुणी, ते बघू या प्रोफेसर." काकांनी तिच्यासाठी घरातली सगळ्यात चांगली खुर्ची ओढली.

त्या आठवड्यात कॅरल रोज यायची. काका गोळ्या कशा घेतात, जिना कसा चढतात, गॅस बंद करायला विसरतात का, सगळं बघायची. ती त्यांच्याबरोबर तळ्याभोवती फिरली, संत्रं खाल्लं, बेगल आणि पिठलंही खाल्लं. तिला ते आवडलं, यावरून तिच्या निर्णयशक्तीबद्दल मला थोडी शंका आली.

इकडे आमच्या गल्लीत बातमी फुटली होती की मृणाल काकांना कॅलिफोर्नियातल्या कुठल्या तरी सीनियर लिव्हिंगमध्ये नेऊन ठेवणार. समीर पेटून उठला. त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर 'काका इथेच राहणार' असा ग्रुप काढला. डबे कोण देणार, डॉक्टरकडे ड्राइव्ह कोण करणार, बर्फ कोण काढणार, सगळ्याच्या पाळ्या लागल्या. सोमवार माझा होता. "यार, आपण असताना काका होममध्ये जातात म्हणजे काय," असं समीर सगळ्यांना फोन करून सांगत होता. मला त्या मंडळींचा अभिमान वाटला होता, अजूनही वाटतो.

रविवारी सकाळी कॅरलनं आपलं मत सांगितलं. गाडी चालवणं बंद, रोज दोन वेळा मदतीला कुणीतरी हवं, पण सध्या काका स्वतःच्या घरी खुशाल राहू शकतात. ती गेल्यावर टेबलाशी काका, मृणाल आणि मी, एवढेच उरलो. मृणालनंच मला थांबायला सांगितलं होतं. मी मनात ग्रुपवर मेसेज टाइप करायला सुरुवातही केली होती.

मृणाल म्हणाली, "बाबा, इट्स अ गुड रिपोर्ट. पण मी तिथल्या प्लेसला ऑलरेडी हो म्हटलंय."

"कधी?"

"इकडं यायच्या आधी."

"मग या बाईंना कशाला नेमलंस?"

"कारण माझं तुम्ही ऐकलं नसतं. मला वाटलं, एक्स्पर्टनं सांगितलं की ऐकाल."

काका हसायला लागले. इतके की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "लंडनचंसुद्धा अगदी हेच म्हणणं होतं," ते मला म्हणाले.

"बाबा, प्लीज." मृणालचा आवाज चढला. "मी लंडन नाहीये. मी तुमची मुलगी आहे. तुमच्या नंबरवरून फोन आला की उचलायच्या आधी माझे हातपाय गार पडतात. आईच्या वेळेला मी विमानात होते. मला ते परत नकोय."

काकांचं हसू मावळलं. त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग हळूच म्हणाले, "मग विचार ना."

"काय विचारू?"

"मला काय हवंय ते."

मृणालनं माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर पाहिलं. "तुम्हाला काय हवंय, बाबा?"

मी त्या माणसाला इतकी वर्षं ओळखत होते. प्रश्नाला उलट प्रश्न येणार याची मला खात्री होती. काका म्हणाले, "मला तुझ्याकडे राहायचंय. त्या प्लेसमध्ये नाही. तुझ्या घरी."

मग मृणाल म्हणाली, "पण तुम्हीच म्हणालात आई गेल्यावर, की मी अ‍ॅशबर्न सोडणार नाही."

"तू 'या' म्हणाली नव्हतीस. तू म्हणालीस, बाबा, तुम्ही काही तिकडं येणार नाही ना. मी म्हटलं, नाही. तुझं घर, तुझी नोकरी, तुझी पोरं. बोलावल्याशिवाय जाऊन बसायचं, म्हणजे..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "मला इथं फार एकटं वाटतं गं. संध्याकाळी तर फारच."

मृणाल उठून त्यांच्या खुर्चीशी गेली आणि लहान मुलीसारखी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी चहा ठेवायला आत गेले आणि तिथं मीही रडून घेतलं. इतक्या संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर तळ्याभोवती हिंडले होते, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ज्यासाठी कंबर कसली होती ते त्यांना नकोच होतं. समीरला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "काकांना कुणी विचारलंच नाही का?" मी म्हटलं, "तुझ्या ग्रुपमध्ये ते होते का?" ते नव्हते.

काका सांता क्लाराला वर्षभर राहिले, मृणालच्या घरात, खालच्या खोलीत. ते गेले तेही तिथंच, सकाळी चहा घेताना, मृणाल समोर बसलेली असताना. ती सांगते की बाबा त्या वर्षात फार बोलले. नातवाच्या केसांपासून आमटीतल्या मिठापर्यंत त्यांची प्रत्येक गोष्टीवर मतं होती आणि ती सगळी त्यांनी ऐकवली. मी तिला म्हटलं, आमच्या गल्लीत हे कुणाला खरं वाटणार नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते इथल्या विमानतळावर. मीच सोडायला गेले होते. व्हीलचेअर नको म्हणून त्यांनी मृणालशी वाद घातला आणि हरून तीत बसले. खुर्ची ढकलणारा माणूस इथिओपियाचा होता, साठीच्या आसपासचा. निरोप घेताना मी वाकून नमस्कार केला, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग ती खुर्ची सिक्युरिटीकडे निघाली आणि मी दोरीच्या अलीकडे हात वर करून उभी राहिले. ते वळून बघतील, मग हात हलवायचा, असं मी ठरवलं होतं.

अर्ध्या वाटेत खुर्ची थांबली. काकांनी मान मागं करून त्या माणसाला काहीतरी विचारलं होतं. तो खुर्ची सोडून पुढं आला, त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि हातवारे करून सांगायला लागला. काका कानामागं हात धरून पुढं झुकले होते. मृणाल बरीच पुढं गेली होती. तिनं मागं वळून पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि ती परत आली. मला वाटलं, आता ती दोघांना उठवणार. पण ती हातातली बॅग खाली ठेवून ऐकत उभी राहिली. मी हात खाली घेतला. लोक त्यांना वळसा घालून जात होते आणि तिघांपैकी कुणालाच विमानाची घाई दिसत नव्हती.